घरगुती उपकरणे व शहरी प्रवासी वाहतूक : वापरसुलभ रचनेचा विचार

प्रस्तावना

'यूजर फ्रेंडली' हा शब्द आज जाहिरातींतून इतका सैलपणे वापरला जातो की त्याचा मूळ आशय हरवत चालला आहे. धुलाई यंत्रावरील बटणांची संख्या वाढली की ते यूजर फ्रेंडली, आणि बसमध्ये दूरदर्शन संच बसविला की तीही यूजर फ्रेंडली! वस्तुतः एखादी वस्तू वापरताना माणूस अडखळला तर दोष माणसाचा की वस्तूचा, हा या संकल्पनेच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात स्वयंपाकघरातील काही उपकरणे आणि श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावातून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या सामान्य प्रवाशाला भेटणारी वाहतूक यांच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे. ही दोन क्षेत्रे परस्परांपासून दूर वाटतात. परंतु सकाळी कुकरचे झाकण लावणारी आणि त्यानंतर तासाभराने बसची पायरी चढणारी व्यक्ती अनेकदा एकच असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा मेळ अनाठायी वाटणार नाही.

दोष कोणाचा?

डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा 'द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज' हा ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. दार ढकलायचे की ओढायचे हे सांगण्यासाठी त्यावर पाटी लावावी लागत असेल तर ते दार चुकीचे घडविले आहे, अशा आशयाची भूमिका नॉर्मन यांनी मांडली. शेगडीचे बर्नर आणि त्यांच्या चाव्या यांची मांडणी परस्परांशी जुळती असावी, हे त्यांचे उदाहरण अध्यापकवर्गास सहज पटण्यासारखे आहे; कारण त्याचा देशी अवतार प्रत्येक वर्गखोलीत भिंतीवर असतो. आठ-दहा खटक्यांच्या विद्युतफलकासमोर उभे राहून, मधला पंखा कोणत्या खटक्यावर आहे हे ओळखण्यासाठी सगळे खटके पाळीपाळीने दाबून पाहणारा प्राध्यापक अज्ञानी नसतो. पंख्यांची रांग एका दिशेने आणि खटक्यांची रांग दुसऱ्या दिशेने, अशी ती रचनाच त्याला काही सांगत नाही. वीस वर्षे त्याच खोलीत शिकवूनही हा प्रयोग चालूच राहतो!

या विचाराला मोजमापाची जोड लागते. माणसाच्या शरीराची उंची, हाताची पोच, गुडघ्याची उंची, मुठीचा घेर इत्यादी मापांचा अभ्यास म्हणजे मानवमिती. अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांविषयीचा ग्रंथ प्रकाशित केला. तोपर्यंत आपले अभियंते बहुतांशी पाश्चात्य कोष्टकांवर विसंबून होते. येथे 'सरासरी' या शब्दापासून सावध राहणे अगत्याचे ठरते. बसमधील आडव्या दांड्याची उंची प्रवाशांच्या सरासरी पोचेइतकी ठेवली, तर निम्म्या प्रवाशांचा हात तेथवर पोचणार नाही आणि त्या निम्म्यांत स्त्रिया अधिक असतील. म्हणून दाराची उंची सर्वांत उंच माणसांचा विचार करून, तर हाताने धरावयाच्या वस्तूची उंची सर्वांत ठेंगण्या माणसांचा विचार करून ठरविली जाते. सरासरीचा माणूस प्रत्यक्षात बसमध्ये चढतच नाही.

स्वयंपाकघरातील दाखले

प्रेशर कुकर हा या विषयाचा उत्तम पाठ होय. कुकरमध्ये वातावरणाहून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम अधिक दाब निर्माण होतो आणि त्यामुळे पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजेच झाकणाला आतून तीन क्विंटलांहून अधिक भाराइतके बल रेटत असते. घाईच्या वेळी हे झाकण कोणी उघडू नये, यासाठी दोन मार्ग संभवतात. पहिला मार्ग सूचनापत्रिकेत 'दाब असताना झाकण उघडू नये' असे छापण्याचा. दुसरा मार्ग झाकण उघडताच येणार नाही अशी रचना करण्याचा. १९५९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या हॉकिन्स कंपनीच्या आतून बसणाऱ्या झाकणाने दुसरा मार्ग पत्करला. हे झाकण तोंडातून तिरके आत घालून खालच्या बाजूने कडेला टेकविले जाते. वाफेचा दाब त्याला कडेवर अधिकच घट्ट दाबून धरतो आणि दाब उतरला की ते आपोआप सैल होते. ज्या बलामुळे धोका संभवतो तेच बल येथे कुलपाचे काम करते. बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरमध्ये ही स्वाभाविक कुलूपबंदी नसते. म्हणून तेथे वितळणारी सुरक्षा-झडप आणि झाकणाच्या कडेतील खाचेतून रबरी कडे बाहेर ढकलून वाफ सोडण्याची योजना असे उपाय करावे लागतात. घरगुती कुकरला भारतीय मानक २३४७ चे पालन २०२० च्या आदेशान्वये, २०२१ पासून सक्तीचे झाले आहे.

याच कुकरची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. पहिली शिट्टी होताच आच कमी करून मिनिटांच्या हिशेबाने शिजवावे, असे उत्पादक सांगत आले. आपल्या घरांनी मात्र शिट्ट्या मोजण्याची रीत रूढ केली. भाताला इतक्या, डाळीला तितक्या. इंधनाच्या दृष्टीने ही रीत काहीशी खर्चिक असली तरी तिच्यामागील व्यवहार समजून घेतला पाहिजे. शिट्टी दुसऱ्या खोलीतून ऐकू येते, तिला घड्याळ लागत नाही, हात पिठात असतानाही ती मोजता येते. वापरणाऱ्या स्त्रियांनी सुरक्षेसाठी ठेवलेल्या वजनाचे कालमापकात रूपांतर केले. या वापराला अज्ञान म्हणून मोडीत काढणे संशोधकाला शोभणारे नाही.

मिक्सरची कथा याहून बोलकी आहे. सत्यप्रकाश माथूर या मुंबईतील अभियंत्याच्या घरी ब्राऊन या जर्मन कंपनीचे यंत्र होते. ते आपल्या पद्धतीच्या वाटणापुढे टिकेना. आयात यंत्रांची घडण मुख्यत्वे फळांचे रस, सूप यांसारख्या मऊ पदार्थांसाठी झालेली. आपल्याकडे मात्र सुके खोबरे, भिजविलेली डाळ, तीळ, शेंगदाणे, खडा मसाला असे नाना प्रकार आणि तेही बराच वेळ. यंत्र जळाले की 'गृहिणीने जास्त वेळ चालविले' असा शेरा सहज मिळे. माथूर यांच्या पत्नी माधुरी यांच्या या अडचणीतून १९६३ मध्ये 'सुमीत' मिक्सरचा व्यवसाय उभा राहिला. यंत्राचा गैरवापर म्हणून ज्याची नोंद होत होती, तीच खरी गरज आहे, हे ओळखले गेले आणि मोटर, पाती व भांडी त्या गरजेनुसार घडविली गेली. पाटा-वरवंट्यावरील श्रम ज्यांनी केले त्यांना या बदलाचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

चुलीच्या बाबतीत मात्र आपली कामगिरी अशी समाधानकारक नाही. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला आणि २००२ मध्ये थांबला. धूर कमी करणे व इंधन वाचविणे हे दोन्ही हेतू निर्विवाद होते. परंतु ज्वारी-बाजरीची भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यांसमोर उभी धरावी लागते, तेव्हा ती फुगते; चुलीचे तोंड जितके बंदिस्त, तितकी ही क्रिया अवघड. धुराडे असेल तर त्यातील काजळी काढण्यासाठी कोणाला तरी छपरावर चढावे लागते. या कामाचा विचार आराखड्यातच व्हावयास हवा. फिलिप्स डिझाइनच्या पुण्यातील चमूने विकसित केलेल्या व २००९ मध्ये डेन्मार्कचा इंडेक्स पुरस्कार मिळविणाऱ्या चुलीत धुराड्याची सफाई घरातूनच करता येईल अशी योजना होती. ती किरकोळ वाटली तरी महत्त्वाची आहे. पुण्याच्याच आरती या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याचे तंत्र विकसित केले व त्याला २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार लाभला. श्रीगोंद्यासारख्या ऊस पिकविणाऱ्या तालुक्यात, जेथे पाचट शेतातच पेटविले जाताना आपण पाहतो, तेथे त्याचे अगत्य वेगळे सांगावयास नको.

एस.टी.ची पायरी

राज्यातील एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर धावली. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे नाव त्यामुळे या सेवेशी कायमचे जोडले गेले आहे. एस.टी.ने जी भाषा घडविली ती स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावी : जलद, विनाथांबा, निमआराम, रातराणी, मुक्कामी गाडी. पाटीवरील 'मार्गे' हा एक शब्द घ्या. 'श्रीगोंदा-पुणे' एवढेच लिहिले असते तर काष्टीला किंवा दौंडला उतरणाऱ्या प्रवाशाला त्यातून काहीच कळले नसते. 'मार्गे' या शब्दाने त्याचा प्रश्न विचारण्यापूर्वीच सुटतो.

जुन्या गाड्यांतील घंटीची दोरी हाही असाच एक विचारपूर्वक केलेला लहानसा साज होता. छताखालून गाडीच्या लांबीभर गेलेली ही दोरी वाहक गर्दीत कोठेही अडकला असला तरी त्याच्या हाताशी येई. एक टोल म्हणजे थांबा, दोन टोल म्हणजे चला. ओढल्याची खूण ओढणाऱ्याला, चालकाला आणि सर्व प्रवाशांना एकाच वेळी मिळे. वीज लागत नसे. बिघडली तर गाठ मारून दुरुस्ती होई. वापरसुलभतेच्या ग्रंथांत सांगितलेली जवळजवळ सर्व लक्षणे त्या दोरीत होती, आणि 'डबल बेल' हा शब्दप्रयोग आजही मागे उरला आहे.

पायरीविषयी मात्र असे म्हणता येत नाही. आपल्याकडील पारंपरिक बस मालमोटारीच्या सांगाड्यावर बांधली जात असे. त्यामुळे तिचा तळ जमिनीपासून सुमारे एक मीटर उंच असतो. ही उंची दोन पायऱ्या आणि तळ अशा तीन टप्प्यांत चढावयाची, म्हणजे एका टप्प्यास सुमारे ३३ सेंटिमीटर. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घराच्या जिन्याच्या पायरीची उंची १९ सेंटिमीटरपेक्षा अधिक असू नये. घरात जो चढ पाच-सहा पायऱ्यांत विभागला जाईल तो बसमध्ये तीन टप्प्यांत, तोही मागून रेटा असताना, एका हातात पिशवी आणि अंगावर लुगडे असताना चढावा लागतो. नऊवारी नेसणारी वृद्ध स्त्री आधी पिशवी आत ठेवते, मग दोन्ही हातांनी दांडा धरते आणि गुडघा टेकवून वर येते. हा तिच्या वयाचा दोष मानला जातो.

या प्रश्नाला अलीकडे वेगळी धार आली आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.ने ७५ वर्षांवरील नागरिकांना विनामूल्य प्रवास दिला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना तिकिटात निम्मी सवलत दिली. ज्यांना चढणे सर्वांत कठीण, त्यांनाच प्रवासाचे निमंत्रण मिळाले. सवलत स्वागतार्हच आहे. परंतु तिकीट कमी करणे आणि पायरी कमी करणे हे दोन वेगवेगळे निर्णय आहेत व दुसरा अद्याप बाकी आहे.

बसस्थानकावरील फलाटाचा विचार येथे ओघानेच येतो. रेल्वे फलाटाला समांतर उभी राहते, एस.टी. बहुधा फलाटाकडे तोंड करून उभी राहते. कमी जागेत अधिक गाड्या मावाव्यात म्हणून ही पद्धत पडली, आणि वाहतुकीच्या दृष्टीने तिच्यात तथ्य आहे. पण परिणाम असा की प्रवासी फलाटाच्या उंचीवर वाट पाहतो, गाडी लागताच तेथून खाली उतरतो, दोन गाड्यांमधील चिंचोळ्या जागेत शिरतो आणि मग पुन्हा एक मीटर चढतो. फलाटाने दिलेली उंची वाया जाते. रांगेची सोय नसल्याने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची आपली सुप्रसिद्ध प्रथा रूढ झाली. तिला बेशिस्त म्हणून हिणविणे सोपे आहे. मुंबईत बेस्टच्या थांब्यावर मुकाट्याने रांगेत उभी राहणारी माणसे काही निराळ्या मातीची नव्हेत; तेथे रांगेला जागा होती आणि रांगेला अर्थही होता.

शहरी बससाठी केंद्र शासनाने २००८ मध्ये विनिर्देश जाहीर केले, त्यांत तळाची उंची ४००, ६५० व ९०० मिलिमीटर अशा वर्गांत ठरविण्यात आली. ४०० मिलिमीटरची खालच्या तळाची बस चढण्यास सर्वांत सोयीची. परंतु उंच गतिरोधक आणि खाचखळग्यांचे रस्ते तिला मानवत नाहीत. श्रीगोंद्याच्या वाड्यावस्त्यांवर मुक्कामी जाणाऱ्या गाडीला जमिनीपासून काही अंतर राखावेच लागेल, हे मान्य केले पाहिजे. तेथे खाली येणारी जादा पायरी, दाराच्या दोन्ही बाजूंना योग्य उंचीवर धरावयाचे दांडे आणि स्थानकावर निदान एक-दोन ठिकाणी गाडीला समांतर फलाट, असे मध्यम उपाय संभवतात. १ जून २०२२ रोजी एस.टी.ची पहिली 'शिवाई' विजेरी बसही पुणे-नगर याच मार्गावर सुरू झाली. विजेच्या गाडीत अवजड इंजिन नसल्याने मालमोटारीच्या सांगाड्याचे बंधन सैल होते, आणि तळ किती उंच ठेवावा हा प्रश्न आराखडा करणाऱ्यापुढे नव्याने उभा राहतो.

पुण्याचा बीआरटी आणि मुंबईचा फलाट

ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ पासून बससाठी स्वतंत्र मार्गिका विकसित केल्या व १९९१ पासून नळीच्या आकाराचे उंच थांबे उभारले. प्रवासी आधी तिकीट काढून थांब्यात शिरतो आणि बसच्या पातळीवरूनच आत पाऊल टाकतो. या कल्पनेचा भारतातील एक आरंभीचा प्रयोग पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर झाला. बससाठी रस्त्याच्या मध्यभागी मार्गिका आखली गेली. बसचा वेग हा त्यामागील हेतू. पण प्रवासी म्हणजे आधी पादचारी असतो. मध्यावरील थांब्यापर्यंत पोचण्यासाठी त्याला भरधाव वाहनांचा निम्मा रस्ता ओलांडावा लागतो आणि उतरल्यावर पुन्हा तेच. बसमधील दहा मिनिटे वाचविताना थांब्यापर्यंतची शंभर पावले धोक्याची झाली, तर वृद्ध प्रवासी ती बस सोडून देईल. २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी मार्गापासून सुरू झालेल्या 'रेनबो' बीआरटीत थांबा व बसचा तळ समपातळीत आणण्याचा, उजव्या बाजूच्या दारांचा अवलंब करण्याचा प्रयत्न झाला. ही सुधारणाच होय. तथापि समपातळीचा लाभ एका गोष्टीवर अवलंबून असतो : चालकाने बस थांब्याच्या कडेला लागून उभी केली पाहिजे. हातभर अंतर राहिले की पायरीऐवजी फट निर्माण होते आणि फट पायरीपेक्षा वाईट. रेल्वेला रूळ ही शिस्त लावतात. बसला ती रस्त्यावरील खुणा, कडेची घडण आणि प्रशिक्षण यांतून लावावी लागते.

रूळ असूनही फट राहू शकते, याचे उदाहरण मुंबईत आहे. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात लोकल पकडताना एक विद्यार्थिनी फलाट व गाडी यांमधील पोकळीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नात लक्ष घातले आणि फलाटांची उंची वाढविण्याच्या कामास गती आली. ती फट त्याआधीही तेथेच होती आणि 'चढता-उतरताना काळजी घ्या' ही सूचनाही तेथेच होती. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्यात वाहतूक सुगम करण्याचे कर्तव्य 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असे सांगितले होते. २०१६ च्या कायद्याने सुगम वाहतुकीची जबाबदारी शासनावर अधिक विस्ताराने टाकली. फलाटाची उंची वाढली की तिचा लाभ केवळ अपंगांना होत नाही, हे वेगळे सिद्ध करावयास नको.

पाटी, अंक आणि चिन्हे

बेस्टच्या बसवर पुढील बाजूस मार्गाचा क्रमांक देवनागरी अंकांत आणि बाजूस इंग्रजी अंकांत दर्शविण्याची प्रथा आहे. मराठीच्या अभ्यासकाला तिचा अभिमान वाटतो आणि वाटावा. परंतु रचनेच्या दृष्टीने त्यात एक खाच आहे. परप्रांतीय प्रवासी बस येताना क्रमांक वाचू शकत नाही आणि बाजूचा क्रमांक दिसेपर्यंत बस पुढे आलेली असते. शिवाय १ आणि ९ हे देवनागरी अंक दुरून सारखे भासतात. यावर देवनागरी काढून टाकणे हा उपाय नव्हे. अंकांचे वळण दुरून वाचता येईल असे घडविणे व दोन्ही अंक पुढे देणे हा आहे. बेस्टच्या लिमिटेड गाड्यांचा क्रमांक लाल रंगात असे, ही खूण मात्र कोणतीही लिपी न येणाऱ्यालाही उमगे.

मेक्सिको शहराच्या मेट्रोने १९६९ मध्ये प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्रचिन्ह दिले. अक्षरओळख नसणारा प्रवासी अमुक चित्राच्या स्थानकावर उतरायचे एवढे लक्षात ठेवू शके. आपल्याकडे निवडणूक-चिन्हे आणि मुंबईच्या डबेवाल्यांच्या डब्यांवरील रंग व खुणा यांत हीच युक्ती आहे. सार्वजनिक वाहतुकीने तिचा लाभ पुरेसा घेतलेला नाही. त्याऐवजी सरकत्या अक्षरांचे प्रकाशफलक आले. रंगविलेली पाटी एका नजरेत वाचून होई. सरकत्या फलकावर 'मार्गे' येईपर्यंत गाडी निघून जाते. तंत्र नवे असले म्हणजे वाचन सुलभ होतेच असे नाही.

महाविद्यालयीन पातळीवरील शक्यता

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसारच्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पांना श्रेयांक मिळतात. त्यांपैकी बरेचसे प्रश्नावलीवर आधारलेले असतात आणि 'सेवा समाधानकारक आहे काय?' या प्रश्नाला 'होय' असे उत्तर मिळवून संपतात. वापरसुलभतेच्या अभ्यासात ही पद्धत निरुपयोगी ठरते, कारण ज्या गैरसोयीची सवय झाली ती माणसाला गैरसोय म्हणून आठवतच नाही. येथे विचारण्यापेक्षा पाहणे महत्त्वाचे. श्रीगोंदा बसस्थानकावर मोजपट्टी घेऊन दहा गाड्यांच्या पहिल्या पायरीची जमिनीपासूनची उंची मोजणे, चढताना हात प्रथम कोठे जातो आणि तेथे दांडा आहे काय हे टिपणे, एका प्रवाशाला चढण्यास किती सेकंद लागतात हे वयानुसार नोंदविणे, हे काम भूगोल, भौतिकशास्त्र व समाजशास्त्र या विभागांचे विद्यार्थी मिळून दोन दिवसांत करू शकतील. मराठी विभागाने पाट्या पाहाव्यात : अक्षराची उंची किती, किती पावलांवरून वाचता येते, कोणता शब्द आधी दिसतो. स्वयंपाकघराच्या बाजूने विद्यार्थ्यांनी आपल्याच घरी मिक्सरच्या भांड्याचे झाकण किंवा गॅसची चावी आई-आजी कशी धरतात हे आठवडाभर पाहून लिहावे, आणि त्यात जेथे फडक्याचा, चिमट्याचा, दोऱ्याचा किंवा बोटाच्या आधाराचा स्वतःचा काही उपाय आढळेल तेथे विशेष खूण करावी. आराखड्यात राहिलेली उणीव नेमकी त्या ठिकाणी असते. अशा नोंदी तारीख, वेळ व मापांसह ठेवल्या तर त्या आगारप्रमुखांसमोर ठेवता येतील. पायरीची उंची सेंटिमीटरमध्ये लिहिलेला कागद आणि 'प्रवाशांची गैरसोय होते' असे लिहिलेला कागद यांना मिळणारी उत्तरे निरनिराळी असतात.